टपावर झोपू नकोस

ब्लूमफाँटेन
४ मे २००८

प्रिय ऊपा,

फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारची मार्टीकाकू रिसीव्हर धरून मध्ये उभी राहिली की निम्मं स्वतःच्या मनाचं सांगते. म्हणून नात आजोबांना पत्र लिहिते आहे.

जूनच्या शेवटी शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली की रूआन, मी आणि मीके बोत्स्वानात जाणार आहोत. तीन आठवडे, स्वतःच्या गाडीने. रूआनने जुना पिकअप घेतला आहे. वाटेत दोन मुक्काम मोकोबा तळावर आहेत. होय ऊपा, तोच तळ. माझा पा, तुमचा थ्यूनिस, जाऊन या जुलैत पंचवीस वर्षं होतील. तेव्हा मी सात वर्षांची होते, आता मीके सात वर्षांची आहे. मला तिथे एकदा झोपून सकाळी उठायचं आहे. का, ते मला नीट सांगता येत नाही.

भांडण झोपण्यावरून चाललं आहे. रूआनने एकाकडून वापरलेला टपावरचा तंबू आणला आहे. उलगडला की गाडीच्या डोक्यावर खोली तयार होते, गादीसकट, आणि शिडीने वर चढायचं. नको असेल तर २१ जूनच्या आत परत करता येईल. दुसरा मार्ग म्हणजे जमिनीवर साधा तंबू. तिसरा म्हणजे मागच्या हौद्यात फळ्या टाकून सामानाच्या वर तिघांनी आडवं व्हायचं.

माझ्या आईला फोनवर सांगितलं, तर तिने एकच विचारलं.

"शिडी आहे त्याला?"

"आहे, मा. पण आता तंबू खूप चांगले..."

"शिडी आहे ना? मग माझी नात त्यात झोपणार नाही. झोपली तर पोर्ट एलिझाबेथला तुम्हाला आई नाही असं समजा."

मीके म्हणते, खाली झोपलं की मुंग्या कानात जातात आणि वर झोपलं की सगळ्यांना पपांचं घोरणं ऐकू जातं, म्हणून तिला गाडीच्या चाकावर झोपायचं आहे.

तुम्ही चाळीस वर्षं गुरांचे ट्रक चालवलेत. हौद्यात झोपलात, ट्रकखाली झोपलात. ऊपांनीच सांगावं. ऊपा सांगतील तसं करू.

तुमची,
हेस्टर


मारिको
१३ मे २००८

बाळ हेस्टर,

तुझं पत्र मिळालं. मी चौथीपर्यंतच शिकलो आहे, तेव्हा तुझ्या शाळेतल्या बाईंसारख्या चुका काढू नकोस.

आधी सांगतो, जाऊच नका. जायचंच असेल तर मोकोबाला जाऊ नका. नदीकाठी दुसरे पुष्कळ तळ आहेत. पण तू थ्यूनिसची मुलगी आहेस, तू जाशीलच. म्हणून लिहितो.

दोन स्टेपन्या घ्या, एक नको. पाणी प्लास्टिकच्या एकाच मोठ्या डब्यात भरू नका, फुटला तर सगळं गेलं. पोरीला लोकरीचे पायमोजे दोन जोड. जुलैत तिथे पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. रूआनच्या गाडीचे ब्रेक कुणी पाहिले का? तू लिहिलं नाहीस. जुना म्हणजे किती जुना?

टपावर झोपू नकोस. वर वारा लागतो. पोरीला मध्येच लघवीला उतरायचं झालं तर शिडीच्या दांडीवर दव असतं, पाय घसरतो. आणि मुख्य म्हणजे, काही झालं तर खाली उतरावं लागतं. थ्यूनिस खाली असता तर एका उडीत स्टिअरिंगवर बसला असता आणि तुम्हा दोघींना घेऊन निघून गेला असता. तो वर होता, शिडी उतरावी लागली, आणि हत्ती खालीच उभा होता. त्या टपावरच्या खेळण्याने माझा मुलगा नेला. हे मी दफनाच्या दिवशी ओट्यावर सगळ्यांसमोर बोललो आणि आजही तेच बोलतो. तुझी आई बरोबर सांगते.

जमिनीवर तंबू लावा. गाडीच्या दाराला अगदी लागून.

मार्टी हे पत्र टाकायला नेते आहे. माझ्या खांद्यावरून वाचते आणि म्हणते, "फ्लोरिस, पोरीने कुठे झोपू ते विचारलं, तू तिला मेल्यावर कुठे पुरायचं तेवढंच सांगायचं ठेवलंस." तिला काय कळतं.

या दिवसांत मला झोप येत नाही. थ्यूनिसची ती गाडी अजून शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, तुला माहीतच आहे. झाडांना फळ पिकायला लागलं की शेडमधून स्प्रिंगा करकरतात, कुणी वर चढत असल्यासारख्या. फोनवरचं मला काही ऐकू येत नाही, पण हे येतं.

तुझा ऊपा


ब्लूमफाँटेन
२४ मे २००८

प्रिय ऊपा,

ब्रेक पाहिले. दुसरी स्टेपनीही घेतली. आता शांत व्हा.

शेडमधल्या आवाजाचं तुम्ही लिहिलंत, म्हणून मीही एक गोष्ट लिहिते. रूआनलासुद्धा मी ती चेष्टेत सांगितली होती, खरी म्हणून नाही.

मी तंबूत, गाडीत, कॅरॅव्हॅनमध्ये, चाकं असलेल्या कुठल्याही गोष्टीत झोपले की पहाटे मला संत्र्याचा वास येतो. ताज्या सोललेल्या संत्र्याचा. घरात पलंगावर कधी येत नाही. कॉलेजात आमची सहल समुद्रावर गेली होती, तेव्हा मी तंबूतल्या सगळ्या मुलींना उठवलं होतं, कोण खातंय म्हणून. कुणाकडे एक फळ नव्हतं. वास आला की मी डोळे मिटून पडून राहते, कारण डोळे उघडले तर शिडीवर कुणीतरी असेल असं वाटतं. कधी वाटतं पा आहे. कधी वाटतं पा नाही.

त्या मुक्कामातलं मला एवढंच आठवतं. मा पुढच्या सीटवर झोपली होती, तिला शिडीची भीती वाटायची. मी आणि पा वर होतो. उजाडायच्या जरा आधी गाडी होडीसारखी डुलायला लागली. पा म्हणाला, "तू हलू नकोस, हेस्टी. मी त्याला हाकलून येतो." त्याने तंबूची चेन लावून घेतली, बाहेरून. मग खाली तव्यावर चमचा बडवल्याचा आवाज आला. मग तो आवाज थांबला.

मा म्हणते, गाडीत फळ नव्हतंच. तळाच्या फाटकावर माणसाने विचारलं होतं, "संत्री-मोसंबी आहे का? हत्ती त्याच्यासाठी गाड्या फोडतात," आणि माने छातीवर हात ठेवून नाही म्हटलं होतं.

ऊपा, तेव्हा गाडीत संत्री होती का?

हेस्टर


मारिको
२ जून २००८

बाळ हेस्टर,

नव्हती.

तुझ्या आईने, एल्साबेने, संत्र्यांची पिशवी गाडीतून काढून ओट्यावर ठेवली, ते सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. आपल्याकडे कुणी रिकाम्या हाताने लांबच्या वाटेला लागत नाही. माझ्या बापाने कुणाला जाऊ दिलं नाही, मीही नाही. त्या हंगामातली पहिली संत्री मी स्वतः तोडली होती, प्रत्येकाला दोन पानं ठेवून. थ्यूनिसला पानासकट आवडायची. पण तिने काढून ठेवली. म्हणाली, "सासरेबुवा, सरहद्दीवर काढून घेतात, तळावर चालत नाहीत, कशाला देता?" मी म्हटलं, ठीक आहे. एवढंच झालं.

लहानपणीचे वास मोठेपणी येतात, त्याला काही अर्थ नसतो. मला माझ्या आईच्या साबणाचा वास येतो. पहाटे पोट रिकामं असतं, त्याने येत असेल. झोपायच्या आधी कडक भाजलेला पाव कॉफीत बुडवून खात जा.

हौद्याचा मी परत विचार करून पाहिला. हौद्यात झोपू नका. फळ्यांखाली डिझेलचा डबा असणार, त्याच्या वाफेने माणूस उठत नाही. सन एकसष्टमध्ये आमच्यातला एक जण असाच गेला. टपावर नको. जमिनीवर बरं. पोरीला दोन्ही अंगांनी बाहेर पडता येतं. दार मोठं पाहा.

मोकोबाला एकच मुक्काम करा. दोन कशाला?

झोप अजून येत नाही. मार्टी म्हणते डॉक्टरकडे चल. डॉक्टर काय, गोळ्या देईल.

ऊपा


ब्लूमफाँटेन
८ जून २००८

प्रिय ऊपा,

ठरलं. तुम्ही म्हणता तसंच. टपावरचा तंबू रूआन २१ तारखेला, शनिवारी, परत करणार आहे. जमिनीवरचा नवा पाहून आलो आहोत. तीन बाजूंनी जाळी आहे, म्हणजे तारे दिसतात. हलका आहे, पाच मिनिटांत उभा राहतो. दार मोठं आहे, तुम्ही म्हणालात तसं. मीकेने दाराजवळची जागा आपली म्हणून सांगून ठेवली आहे, तिला डोकं बाहेरच्या बाजूला हवं आहे.

रूआन चिडला आहे. म्हणाला, "पंचवीस वर्षांपूर्वीच्या शिडीला तुम्ही सगळे घाबरता. शिडीने कुणाला मारलेलं मी तरी ऐकलं नाही." मी त्याला म्हटलं, ऊपांना रस्ता कळतो.

पण मला रूआनचं बोलणं लागलं. म्हणून एकदाच विचारते, परत कधी विचारणार नाही. पा खाली झोपला असता तर खरंच वाचला असता का? तुम्ही हो म्हणालात तर मी तंबू परत करीन आणि मनातला हा विषय बंद करीन. तुमचं पत्र शनिवारच्या आत यायला हवं.

हेस्टर


मारिको
१३ जून २००८

हेस्टर,

हे पत्र मी मार्टीच्या हाती दिलेलं नाही. पोस्टापर्यंत स्वतः चालत गेलो, जलद टपालाचे पैसे भरले.

काल मार्टीचा भाऊ लूकास आला होता. तो पर्यटकांची लॉरी चालवतो, बोत्स्वानात वर्षाला दहा-बारा खेपा करतो. मी ओट्यावर बसून त्याला सहज म्हटलं, माझी नात मोकोबाला चालली आहे, जमिनीवर तंबू लावणार आहे, जाळीचा, पोर दारापाशी झोपेल.

लूकासने कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं तिला हे?"

मी म्हटलं, "का?"

"काका, मोकोबाला जाळीत झोपवायला पोर काय मांस आहे? तिथली तरसं माणसांना घाबरत नाहीत. मागच्या हिवाळ्यात जाळीतून एका माणसाच्या चेहऱ्याला धरलं त्यांनी. डोकं बाहेर करून झोपला होता. तिथे शहाणी माणसं टपावर झोपतात. कुणी सांगितलं तिला, नाव सांगा, मी त्याच्या कानाखाली मारतो."

मार्टी माझ्याकडे पाहत होती. मी नाव सांगितलं नाही. आता तुला सांगतो आहे.

संत्री गाडीत होती.

एल्साबेने पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती तुझा कोट आणायला घरात गेली. मला राग आला होता. माझ्या झाडाची पहिली फळं, आणि सून म्हणते कशाला. मी पिशवी पोत्यात गुंडाळली. गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या पुढे, जॅक आणि पाने ठेवायची लोखंडी पेटी होती. तिच्यात घातली, वर ग्रीसचं फडकं टाकलं, म्हणजे कुणाला वास येऊ नये. सरहद्दीवरच्या माणसांना पेटीत पाहायचं सुचणार नाही हे मला माहीत होतं, मी चाळीस वर्षं त्यांच्यासमोरून ट्रक नेले होते. मनात म्हटलं, दोन दिवसांनी थ्यूनिस चाक बदलेल, पेटी उघडेल, आणि हसेल. मी हात हलवून तुम्हाला निरोप दिला. तूही हात हलवत होतीस.

फाटकावर माणूस विचारतो ते मला माहीत नव्हतं. हत्तीला ग्रीसखालचंही कळतं ते माहीत नव्हतं. पण एल्साबेने नको म्हटलं होतं, ते मला माहीत होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: शिडीचा काही दोष नाही. तंबूचा नाही. मी दफनाच्या दिवशी तंबूला दोष दिला, कारण एल्साबे शवपेटीजवळ उभी राहून सारखं म्हणत होती, "का आला तो? आमच्याकडे काही नव्हतं, का आला?" आणि सगळे गप्प होते. मला ते गप्प राहणं सहन झालं नाही. मी म्हटलं, तो तंबू. सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हापासून मी तेच म्हणतो आहे, आणि आता मी तुझ्या मुलीला त्यासाठी जाळीत झोपवायला निघालो होतो.

तंबू परत करू नकोस. टपावर झोपा.

यापुढे मला ऊपा म्हणायचं की नाही ते तू ठरव.

फ्लोरिस


ब्लूमफाँटेन
१९ जून २००८

ऊपा,

पत्र काल आलं. तंबू आमच्याकडेच आहे.

मला हे माहीत होतं.

त्या संध्याकाळी मा नदीवर भांडी धुवायला गेली होती. पाला चाक पाहायचं होतं. त्याने पेटी उघडली, फडकं बाजूला केलं आणि मोठ्याने हसला. म्हणाला, "हेस्टी, इकडे ये. म्हाताऱ्याने शेवटी घातलीच बघ." आम्ही दोघं चाकाच्या आडोशाला बसून खाल्ली. त्याने चार खाल्ली, मी दोन. तो म्हणाला, "माला सांगायचं नाही हं. ती तुझ्या ऊपाचं घर बांधल्या दिवसापासूनचं सगळं उकरून काढेल. उरलेली सकाळी जाळून टाकू." पेटी बंद केली. मग माझ्या हातात सालं दिली आणि म्हणाला, "ही विस्तवात टाकून ये."

मी टाकली नाहीत. मला घरची आठवण येत होती, ऊपा. तिथे सगळ्याला धुराचा आणि धुळीचा वास होता, आणि सालांना तुमच्या ओट्याचा वास होता. मी ती फ्रॉकमध्ये लपवून वर नेली आणि उशीच्या अभ्र्यात घातली. रात्रभर त्यावर डोकं ठेवून झोपले.

वासाचं मी तुम्हाला लिहिलं ते खोटं नव्हतं, वास येतोच. पण ते अर्धंच होतं. गाडीत संत्री होती का, हे मला विचारायचं नव्हतं. तुम्हाला माझ्याबद्दल माहीत आहे का, ते विचारायचं होतं. तुम्ही "नव्हती" असं लिहिलंत, आणि मला कळलं की ऊपाही माझ्यासारखेच लपवतात. मग मात्र मला तुमची भीती वाटली.

पेटी बंद होती. पोतं होतं, ग्रीस होतं. उघडी सालं माझ्या उशीत होती. त्याने विस्तवात टाकून ये म्हटलं होतं. मी सात वर्षांची होते हे मला कळतं. रूआनही काल हेच म्हणाला. पण मीके सात वर्षांची आहे, आणि तिला काही सांगितलं की ती ऐकते.

म्हणून मला तिथे झोपायचं होतं. आता तेही कळत नाही. त्या तंबूत माझ्या पोरीला मी शेजारी घेऊन झोपू कशी?

आम्ही २८ला निघतो. तुमच्याकडे येताना येऊ, जाताना वाट वेगळी आहे.

हेस्टर


मारिको
२३ जून २००८

हेस्टर, माझ्या पोरी,

हे सगळं सावकाश वाच. मीही सावकाश लिहितो आहे.

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाही. अर्धं लिहिलं की अर्धा भार जातो असं वाटलं होतं. उरलेलं मी मरताना बरोबर नेणार होतो. पण ते तुझ्या कामाचं आहे, म्हणून लिहितो.

गाडी आणायला लॉरीबरोबर मी गेलो होतो. दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. सगळ्यांना वाटलं, बाप आहे, मुलाची गाडी आणायला जातो. मी पेटी पाहायला गेलो होतो, कुणाच्या नजरेस पडायच्या आधी.

पेटी तिथे नव्हती. चार बोल्टांसकट उपटलेली होती, पलीकडे झुडपात पडली होती. लोखंडाचं झाकण केळ्याच्या सालीसारखं मागे वळलं होतं. आत एक संत्रं शिल्लक नव्हतं. पोतंही नव्हतं, तेही खाल्लं असेल. गाडीचं डावं अंग चाकापासून मागच्या फळीपर्यंत सुळ्याने फाटलं होतं, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. ती पेटी मी लॉरीत माझ्या पायाखाली ठेवून आणली आणि शेतात पुरली. कुठे ते मी दाखवीन.

आता तंबूचं. तंबू वर तसाच उभा होता. शिडी सरळ होती. घरी आणल्यावर मी तो उलगडून उन्हात घातला. कापडावर मी तळहात फिरवला, चारी बाजूंनी, आत आणि बाहेर. एक ओरखडा नव्हता. शिवण उसवलेली नव्हती. सोंडेची ओल नव्हती, केस नव्हता. मला ट्रकांची उंची कळते, गुरांची कळते. मी त्या गाडीशेजारी उभा राहून मोजलं. तुझी गादी हत्तीच्या डोळ्याच्या पातळीला होती. मान वळवायचीही गरज नव्हती त्याला. ते कापड, दोन दांड्या आणि गादी, एवढ्याला त्याने श्वास सोडला असता तरी पुरलं असतं.

आणि तुझी उशी. ती मला सापडली. अभ्र्यात हात घातला तर सालं होती, वाळलेली, लहान बोटांनी तुकडे तुकडे केलेली. मी ती हातात घेऊन शेडच्या दारात बसलो होतो. पेटीतली संत्री तुझ्या हातात कशी आली, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर थ्यूनिसला पिशवी सापडली होती हे कळलं असतं, आणि मग मला वाटलं असतं की त्यानेही मला शिव्या दिल्या असतील. पंचवीस वर्षं विचारलं नाही. तो हसला हे तू आत्ता सांगितलंस.

सालं मी चुलीत टाकली आणि तुला काही बोललो नाही. वाटलं, सात वर्षांची पोर, तिला काय कळतंय. तू तेव्हा घरात होतीस, पलीकडच्या खोलीत. मी उठून पाच पावलं चाललो असतो तरी झालं असतं.

आता नीट ऐक. त्याच्या नाकापुढे तुझी सालं उघडी होती, आणि तो खाली वाकून लोखंड फाडत होता. तो तुझ्याकडे आला नव्हता, हेस्टर. तो माझ्याकडे आला होता. तू वर होतीस म्हणून आज मला पत्र लिहिते आहेस. थ्यूनिसने तुला वर ठेवलं, चेन लावली, ते त्याने शहाण्यासारखं केलं.

म्हणून टपावर झोप. मीकेला मध्ये घ्या. चेन पूर्ण लावा, वाऱ्यासाठीसुद्धा फट ठेवू नका. संध्याकाळी सगळं खाणं लोखंडी डब्यात, आणि डबा गाडीपासून लांब. लघवीला एक झाकणाचा डबा वर ठेवा, खाली उतरायला लागू नये. बाहेर काही आलं, गाडी हलली, तरी खाली उतरू नका. रूआनला दहा वेळा सांग. त्याला राग आला तरी सांग. आवाज करायचा असेल तर आतूनच करा. खाली उतरायचं नाही.

शेडमधला आवाज मागच्या आठवड्यापासून थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही. काल तर शिडीची दांडीही वाजली. पण त्याची तू काळजी करू नकोस, तो इथला आहे.

आणखी एक गोष्ट केली. तू गेल्यावर करावी, की आधी, याचा दोन दिवस विचार केला. मग काल दुपारी, चर्चनंतर, मार्टीच्या घरी गेलो आणि तिला म्हटलं, एल्साबेला पोर्ट एलिझाबेथला फोन लाव. मी बोलेन, ती काय म्हणते ते तू ऐकून मला मोठ्याने सांग. मधलं गाळू नकोस, आपलं घालू नकोस.

मार्टी म्हणाली, "फ्लोरिस, फोनवर वाढदिवसाला हो-नाही म्हणायला तुला मी लागते. आज कशाचा एवढा थाट?"

मी म्हटलं, "लाव."

तिने लावला. "एल्साबे, मी मार्टी, मारिकोहून. नाही, नाही, सगळे ठीक आहेत. फ्लोरिसला बोलायचं आहे." आणि माझ्याकडे दिला.

मी उभ्यानेच एल्साबेला सांगितलं. पिशवी, पोतं, पेटी, ग्रीस. तू कोट आणायला आत गेलीस तेव्हा. फाटकावर तू नाही म्हणालीस ते खरं बोललीस, खोटं माझं होतं. तंबूचा दोष नव्हता. हेस्टर वर झोपेल, तिला अडवू नकोस. मला ऐकू येत नसल्याने माझा आवाज चढतो, मार्टीच्या शेजारचे लोक कुंपणाशी आले होते. तुझ्या सालांचं, हेस्टर, मी काही बोललो नाही, ते तुझं आहे.

मग रिसीव्हर मार्टीकडे दिला. ती कानाला लावून उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

मी म्हटलं, "काय म्हणते?"

मार्टीने मान हलवली.

"ठेवला का तिने?"

"नाही," मार्टी म्हणाली. तिने ते माझ्या कानाशी येऊन म्हटलं, म्हणून मला ऐकू आलं. "काही बोलत नाही. पण आहे. श्वास ऐकू येतोय."

"मग विचार तिला."

"मी नाही विचारणार, फ्लोरिस. हे धर."

तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन अंगणातल्या खुर्चीवर बसली. मी तो कानाला लावला. मला तर काहीच ऐकू येत नाही. पण तिकडे कुणी असताना ठेवायचा कसा? मी तसाच उभा राहिलो. ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून खाली गेलं. मग मार्टी आत आली, तिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला आणि जागेवर ठेवला.

एल्साबेने कधी ठेवला ते मला कळलं नाही.

तुझा ऊपा